लेकीचे शिल्प आणि घरचा पैसा

या वेळच्या टपालात शिल्पकलेविषयी तीन पत्रे आली आणि तिन्ही सुखवस्तू घरांतील आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच असल्यामुळे त्यांना एकत्र उत्तर देत आहे. नावे वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही शिवाजी पार्कला राहतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यजमानांचा व्हॉल्व्ह बनवण्याचा कारखाना आहे. थोरली मुलगी बावीस वर्षांची असून बी.कॉम. झाली आहे. तिने एमबीए करून कारखान्यात लक्ष घालावे असे ठरले होते. पण गेली दोन वर्षे ती एका शिल्पकारांकडे मातीकाम शिकते आहे आणि आता शिल्पकारच व्हायचे म्हणते. लहानपणी वडिलांबरोबर कारखान्यात जाताना ती अंबरनाथचे शिवमंदिर पाहण्याचा हट्ट धरायची, त्याचा हा परिणाम असे सासूबाई म्हणतात. यजमानांचा विरोध नाही. ‘करायचेच तर मोठे करू’ असे म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी दक्षिण मुंबईत प्रदर्शन भरवायचे आणि ओळखीच्या बिल्डरांच्या संकुलांत तिचे पुतळे बसवून घ्यायचे, अशी योजना आखली आहे. मुलगी मात्र त्यावर नाराज आहे. तिचे वय उलटून गेले आहे का? घरातच स्टुडिओ करून द्यावा का? आणि यजमानांना काय सांगावे? — एक आई

उत्तर : वयाची चिंता आधी मनातून काढून टाकावी. मुंबईच्या आधुनिक शिल्पकलेत ज्या स्त्रीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, त्या पिलू पोचखानवाला (1923–1986) यासुद्धा वाणिज्य शाखेच्याच पदवीधर होत्या. सुखवस्तू पारशी घरातील पिलूबाई 1951 साली कामानिमित्त युरोपला गेल्या, तेथील शिल्पे पाहून आपल्याला हेच करायचे आहे असा त्यांचा निश्चय झाला, आणि परतल्यावर त्यांनी शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे आरंभीचे धडे घेतले. त्या वेळी त्या आपल्या मुलीपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या. पुढे शिसे, अ‍ॅल्युमिनियम, भंगारातील पोलाद अशी माध्यमे हाताळत त्यांनी स्वतःची भाषा घडवली. सर कावसजी जहांगीर सभागृहाचे रूपांतर आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हावे यासाठी त्यांनी खटपट केली. ते संग्रहालय खुले झाले 1996 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. त्याच पिढीतले आदी दावियरवाला औषधनिर्माणशास्त्र शिकलेले होते आणि शिल्पकलेकडे नंतर वळले. तेव्हा बी.कॉम. होण्यात गेलेली वर्षे वाया गेली असे मुळीच समजू नये.

आता आपल्या यजमानांच्या योजनेविषयी. त्यांच्या मनात लेकीबद्दल माया आहे हे पत्रातून स्पष्ट दिसते आणि कलेला तुच्छ न लेखणारा बाप मिळणे हे भाग्यच आहे. तरीही ही योजना बाजूला ठेवावी असे मी त्यांना कळकळीने सांगेन. अलिबागजवळच्या सासवणे गावातील विनायक करमरकर या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवरायांचे चित्र काढले होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांनी त्या मुलाला मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवले. 1928 साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांनी घडवला. त्यांच्या अंगी प्रतिभा होती, पैसा नव्हता, आणि तो रॉथफील्ड यांच्या रूपाने आला. रॉथफील्ड यांनी त्या मुलाला शिक्षण मिळवून दिले. मुलाचे नाव मुलाच्या कामाने झाले. आपल्या घरात आई-बाप आणि आश्रयदाता एकच आहेत, म्हणून हा फरक सांभाळणे आपल्याला अधिक अवघड जाईल, पण तो सांभाळला पाहिजे.

समजा, पुढच्या वर्षी प्रदर्शन झाले. येणारे लोक आपल्या यजमानांचे पुरवठादार, ग्राहक, स्नेही असतील. ते कौतुक करतील, चार शिल्पे विकतही घेतील. त्यांतील प्रत्येक खरेदी यजमानांशी असलेल्या संबंधापोटी होईल आणि मुलीला ते कळेल. आपले काम चांगले होते म्हणून गेले की वडिलांमुळे गेले, हा संशय एकदा मनात शिरला की पुढची दहा वर्षे निघत नाही. असे झालेल्या दोन विद्यार्थिनी मी जवळून पाहिल्या आहेत आणि दोघींनीही काम सोडले. आपल्या मुलीची नाराजी याच भीतीची असावी. त्याऐवजी तिने बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला आणि राज्य कला प्रदर्शनाला काम पाठवावे. सोसायटी 1888 पासूनची आहे. तेथे परीक्षकांना तिच्या वडिलांशी देणेघेणे नसते, त्यामुळे काम नाकारले गेले तरी त्या नकारातून काही शिकता येते.

बिल्डरांच्या संकुलांत पुतळे बसवण्याला माझा आक्षेप यापेक्षाही गंभीर आहे. उघड्यावरचा पुतळा हे मातीतल्या कौशल्याइतकेच अभियांत्रिकीचे काम असते: आतील सांगाडा, पुतळ्याला पायाशी जखडणारे अँकर, वाऱ्याचा दाब आणि मुंबईची खारी हवा या सर्वांचा हिशेब त्यात येतो. आत राहिलेले साधे लोखंड दमट खाऱ्या हवेत गंजते, फुगते आणि बाहेरचे कवच फोडते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळ्याचे अनावरण डिसेंबर 2023 मध्ये झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. त्या दिवशी महाराष्ट्राला झालेले दुःख आपण विसरलेलो नाही. दोन वर्षे मातीकाम केलेल्या मुलीवर, तेही ओळखीतून, अशी जबाबदारी टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्या पुतळ्याखाली खेळणाऱ्या मुलांवरही.

घरातल्या स्टुडिओचा विचार आपण प्रेमाने केला असला तरी आकडे पाहावेत. संगमरवराचा एक घनफूट तुकडा सुमारे 76 किलो भरतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा अगदी मध्यम ठोकळा घेतला तर तो नऊशे किलोंच्या पुढे जातो, आणि राहत्या खोल्यांची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेली असते. शिवाय ग्राइंडरचा आवाज, दगडाची धूळ आणि रेझिनचा वास शेजाऱ्यांनी का सोसावा? घरात लहान मातीकाम, रेखाटने आणि मेणाचे नमुने एवढेच ठेवावे. आपल्याकडे याहून फार मोलाची गोष्ट आहे आणि पत्रात आपण तिचा उल्लेख ओझरता केला आहे: अंबरनाथचा कारखाना. तळमजल्यावरची एखादी रिकामी शेड, जड वस्तू उचलण्यासाठी चेन पुली, वीज, पाणी आणि धातूचे काम जाणणारी माणसे एकत्र मिळणे हे मुंबईतल्या बहुतेक तरुण शिल्पकारांचे स्वप्न असते. कारखान्यातील वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींकडून तिने सहा महिने रीतसर शिकावे. मालकाची मुलगी म्हणून नव्हे तर उमेदवार म्हणून शिकावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा. सुट्टीच्या दिवशी मंदिराकडेही जावे. 1060 सालचे ते शिलाहारकालीन मंदिर आहे आणि त्याच्या बाह्य भिंतींवरील मूर्ती काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या आहेत. लहानपणी पाहिलेली तीच शिल्पे आता पेन्सिल घेऊन, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात वेगवेगळी पाहिली, तर सावली हेच शिल्पकाराचे खरे साधन आहे हे तिला कोणी न सांगता उमगेल.

शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. 1857 साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेसारख्या संस्थेतील शिल्पकलेचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर चार वर्षांचा असतो. प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपत्रकात अटी पाहून ती आजही अर्ज करू शकते. दुसरा मार्ग गुरूकडे राहून शिकण्याचा. मला विचाराल तर तिने पहिला मार्ग निवडावा. कारण एकच: तेथे तिच्या शेजारच्या स्टँडवर सांगलीच्या शेतकऱ्याचा किंवा लालबागच्या मूर्तिकाराचा मुलगा काम करत असेल आणि त्याचा हात कदाचित तिच्यापेक्षा बरा चालत असेल. सुखवस्तू घरातील मुलीला ही तुलना फार लवकर व्हायला हवी. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लास्टरमधील शिल्प 1896च्या सुमारास विद्यार्थिदशेतच घडवले. त्यातील स्त्रीची वस्त्रे नुसती पाहिली तरी आपण कोठे उभे आहोत हे प्रत्येक विद्यार्थ्याला कळते.

या कामाला वेळ किती लागतो हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे, नाहीतर वर्षभरात ‘अजून काही दिसत नाही’ अशी कुजबुज सुरू होते. एका कांस्य अर्धपुतळ्यासाठी आधी लोखंडी सळ्या आणि तारा यांचा सांगाडा बांधतात, त्यावर माती चढवतात आणि ती रोज ओल्या फडक्याने झाकून आठवडेच्या आठवडे काम करतात. मग प्लास्टरचा साचा, त्यातून मेणाची पोकळ प्रत, तिच्यावर उष्णता सोसणारे आवरण, भट्टीत मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत हजार अंशांच्या आसपास तापलेला तांबे-कथिलाचा रस ओतणे, असा क्रम असतो. आपल्या परंपरेत याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात. ओतकाम झाले म्हणजे संपले असेही नाही. सांधे जोडणे, घासकाम, छिन्नीने बारकावे पुन्हा उजळणे आणि शेवटी रसायनांनी रंग आणणे बाकीच असते. मनासारखे होईपर्यंत यांतील कोणतीही पायरी मागे न्यावी लागते, आणि मागे नेण्याची मुभा विकत घेणे हाच घरच्या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे. ज्या मुलांना भाडे भरायचे असते त्यांना फसलेले ओतकाम तसेच द्यावे लागते. आपल्या मुलीला ते मोडून पुन्हा करता येईल.

एका गोष्टीवर मात्र पहिल्या दिवसापासून सढळ खर्च करावा. दगडाच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही; फायबर ग्लासच्या रेझिनमधील स्टायरिनची वाफही अपायकारक असते. तोंडाला रुमाल बांधून यातील काहीही अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य फिल्टरचा मास्क, डोळ्यांचा चष्मा, पाणी मारत केलेले कटिंग आणि हवा खेचून घेणारा पंखा एवढे हवेच. माझ्या पिढीने हे केले नाही आणि माझ्या दोन मित्रांनी त्याची किंमत मोजली. म्हणून मी हे विनंती म्हणून नाही, अट म्हणून लिहीत आहे.

पत्राच्या शेवटी आपण तिच्या हातांना पडलेल्या भेगांचा आणि स्थळांचा उल्लेख केला आहे. भेगांवर रात्री खोबरेल तेल लावावे. स्थळांविषयी मी काही लिहिणार नाही. तो निर्णय तिचा आहे.

प्रश्न : मी वाळकेश्वरला राहते आणि शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षात आहे. वर्गात ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य रोज ऐकावे लागते. वडिलांच्या परिचयाच्या नसलेल्या एका शिक्षणसंस्थेने, माझे महाविद्यालयातील काम पाहून, त्यांच्या संस्थापकांचा कांस्य अर्धपुतळा करायला सांगितला आहे. मला पैशांची गरज नसल्याने फक्त साहित्याचा खर्च घ्यावा असे वाटते. ते योग्य होईल ना? — एक विद्यार्थिनी

उत्तर : योग्य होणार नाही. तुझा हेतू चांगला आहे हे मी जाणतो, म्हणूनच थोडे स्पष्ट लिहितो. तू साहित्याच्या खर्चात पुतळा दिलास की ती संस्था पुढच्या वेळी तुझ्याच वर्गातील, डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या मुलाला तोच भाव सांगेल. त्याला तो परवडणार नाही, काम हातून जाईल, आणि हे तुझ्यामुळे झाले हे तुला कळणारही नाही. ज्याला गरज नाही त्याने कमी घेणे हे औदार्य वाटते, परंतु धंद्यात त्याचा भार गरजू माणसावर पडतो. म्हणून बाजारात अनुभवी शिल्पकार जो दर घेतात तो विचारून घे, तुझ्या शिकाऊपणाचा विचार करून थोडा कमी धर, पण स्वतःच्या दिवसांची मजुरी त्यात लिहूनच दे. ते पैसे नको असतील तर मिळाल्यावर वर्गातील एखाद्याच्या ओतकामाचा खर्च उचल. तो तुझा खासगी निर्णय राहील आणि दर मात्र टिकेल.

व्यवहार कागदावर कर. सुरुवातीला उचल, मातीकाम मान्य झाल्यावर दुसरा हप्ता आणि पुतळा पोहोचवताना शेवटचा, अशी विभागणी सोयीची पडते. मातीकामात किती वेळा बदल सुचवता येतील आणि मान्यता कोणाच्या सहीने होईल, हेही लिही. माझ्या पहिल्याच अर्धपुतळ्याच्या वेळी एका संस्थेच्या निरनिराळ्या विश्वस्तांनी तीनदा चेहरा बदलायला लावला. लेखी काहीच नव्हते आणि शेवटचा हप्ता आजपर्यंत आलेला नाही. पुतळा सार्वजनिक जागी बसणार असेल तर कला संचालनालयाची मान्यता लागते, तिचा वेळही मुदतीत धर. शिल्पावर नाव कोणाचे राहील याचे एक कलम असू दे. 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 57 प्रमाणे, शिल्प विकल्यावरही ते आपले आहे असे म्हणण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प 1979 साली उतरवून गोदामात टाकले गेले, त्याची हानी झाली, आणि त्यांनी दीर्घकाळ चालवलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांचा हा हक्क मान्य करून अवशेष परत करण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा खटला प्रत्येक शिल्पकाराने माहीत करून घ्यावा.

राहिले ते वर्गातील वाक्य. तू साचेकाम करणाऱ्या आणि ओतकाम करणाऱ्या कारागिरांना वेळेवर पूर्ण पैसे देतेस का, आणि प्रदर्शनाच्या फलकावर त्यांचे नाव लिहितेस का, यावर तुझे सहाध्यायी तुझ्याविषयीचे मत बनवतील. वाक्य कदाचित तरीही बंद होणार नाही. पण ते ऐकून तू दर कमी करू नकोस.

प्रश्न : गिरगावात आमचे तीन पिढ्यांचे सराफीचे दुकान आहे. सोळा वर्षांच्या नातीला मूर्तिकलेची आवड आहे आणि सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात जाऊन शिकावे अशी तिची इच्छा आहे. सूनबाईंना ते आपल्या घराला शोभणारे वाटत नाही. आपले मत कळवावे. — एक आजोबा

उत्तर : जरूर पाठवावे. शाडूची माती मळून तिच्यातली हवा काढणे, डोळ्यांची आखणी एका हातात साधणे, सोंडेच्या वळणाला तडा न जाऊ देता ती वाळवणे, या गोष्टी महाविद्यालयात इतक्या वेळा करायला मिळत नाहीत. कारखान्यात एका हंगामात त्या शेकडो वेळा होतात. त्याबरोबर तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या परीक्षा राहिल्या असतील तर द्याव्यात, आणि संध्याकाळी चौपाटीवर जाऊन रघुनाथराव फडके यांनी घडवलेला लोकमान्यांचा पुतळा चारी बाजूंनी रेखाटावा. समोरून काढणे सोपे असते. पाठीमागून काढताना अंगावरच्या उपरण्याचा भार कोठे पडतो हे शोधावे लागते.

सूनबाईंना एवढेच दाखवावे की आपल्या दुकानासाठी ज्या अंगठ्या ओतल्या जातात, त्याही आधी मेणातच घडतात आणि ते मेण वितळवून त्या जागी सोने ओतले जाते. पेढीला दागिने देणारा कारागीर आणि कारखान्यातला मूर्तिकार यांचे काम मुळात एकाच जातीचे आहे, आणि नातीने आधी आठ दिवस त्या कारागिराशेजारी बसून मेणाचे काम पाहिले तर उत्तमच. मूर्तिकारांशी मात्र एप्रिल संपण्यापूर्वी बोलून ठेवावे. सण जवळ आला की त्यांना मान वर करायला सवड नसते, आणि त्या गर्दीत शिकणाऱ्याच्या वाट्याला माती वाहण्यापलीकडे काही येत नाही.